अर्ध्या तासाचं पाणी

रसायनशास्त्र विभागाच्या विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना संपला आणि प्रोफेसर गिचुही जिना चढून आमच्या गणिताच्या मजल्यावर आले. एरवी ते इकडे फिरकत नसत. गणितवाल्यांचा चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, हे त्यांचं जाहीर मत होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं.

“ओज्वांग, तुम्ही लोक ते फुकटातलं काहीतरी वापरता म्हणे.”

“फुकटातलं नाही, खुलं,” मी म्हणालो. “आत काय चाललंय ते कुणीही उघडून बघू शकतो. फुकट आहे हे त्याचं शेवटचं कौतुक.”

“ते असू दे हो. माझ्या पोरांना रेषा काढता आल्या म्हणजे झालं.”

अशा रीतीने दर बुधवारी दुपारी मी रसायनवाल्यांच्या तावडीत सापडलो. त्यांच्या जुनाट संगणकांवर मी मॅक्सिमा बसवलं. मॅक्सिमा हे गणित करणारं सॉफ्टवेअर, साधं, इंटरनेटशिवाय चालणारं. त्यात आपल्याला काय हवंय ते आपण स्वतः लिहायचं, ते ओळीखाली ओळ उत्तर देतं. पहिल्या दिवशी प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, बटण कुठंय? मी सांगितलं, बटण नाही. तेव्हा माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू मी मक्याच्या पिठाची उगाली वाढली आणि सोबतची भाजी विसरलो.

त्या वर्गात जेबिवोट होती. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. पहिल्या तासाला ती प्रश्न विचारताना तोंडावर हात धरून बोलत होती आणि मला वाटलं, ही बाई मला हसतेय. मी तापलोच होतो. मग शेजारी बसलेल्या सिमियूने कानात सांगितलं, “सर, ती तिकडची आहे, तळ्याच्या बाजूची.” मी तिचा प्रश्न पुन्हा ऐकून घेतला आणि उत्तर दिलं.

एल्मेंटाइटा तळ्याच्या बाजूला विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड भरपूर आहे. तिथल्या माणसांचे दात तपकिरी, खडबडीत होतात. आमच्या नाकुरू शहरातला दंतवैद्य तोंड उघडायला लावून गाव सांगतो. यात वाईट भाग असा की दुधाचे दात चांगले पांढरे येतात आणि आईबाप खूश होतात. खरे दात त्या वेळी हिरडीच्या आत घडत असतात. त्या वर्षांत पोटात जे पाणी जातं, त्याचा रंग घेऊन ते पुढे कधीतरी बाहेर येतात. बाहेर आल्यावर घासून काय उपयोग.

जेबिवोटला मुलगी होती, चेरोप, जेमतेम दोन वर्षांची. आमच्याकडे मूल झालं की बाईला मुलाच्या नावानेच हाक मारतात, म्हणून वर्गातही ती सगळ्यांची चेरोपची आई. मुलगी गावी आजीपाशी असायची. जेबिवोटने आजीला ताकीद दिली होती की पोरीला फक्त छपरावरून पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी पाजायचं. कोरड्या महिन्यांत पिंप आटायचं आणि मग नाइलाज. चेरोपचे दात आता आत घडत होते आणि ते कुणासाठी थांबणार नव्हते. जेबिवोट रसायनशास्त्रात आली होती ती याच्यासाठी. मला हे तिने कधी सांगितलं नाही, पण विभागात झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत होतं.

प्रोफेसर गिचुहींचं सगळं आयुष्य हाडांत गेलं होतं. गुरांची हाडं हवा कोंडून भाजली की त्यांचा काळा कोळसा होतो आणि तो पाण्यातलं फ्लोराइड धरून ठेवतो. कत्तलखान्यातून हाडांची पोती ते स्वतःच्या गाडीतून आणायचे. त्यांच्या गाडीत कुणी बसायला तयार नसे आणि कुत्री मात्र मागे धावत. माणूस सरळ होता. पण आपल्या रेषेवर त्याचा चर्चमधल्यासारखा विश्वास. त्यांनी कधीकाळी लेख लिहिला होता: पाणी या कोळशात अर्धा तास राहिलं की पिण्याजोगं होतं. त्या अर्ध्या तासावर हिशेब करून जेबिवोटच्याच गावी, शाळेच्या आवारात, कोळशाचं मोठं पिंप बसवलं होतं. एका बाजूने विहिरीचं पाणी आत, दुसऱ्या बाजूला तोटी. येत्या रविवारी चर्च सुटल्यावर उद्घाटन. सगळं गाव तिथून पाणी भरणार. आजीने जाहीर केलं होतं की आता छपराखालचं पिंप गोठ्यात, गाईला.

त्या आठवड्यातल्या बुधवारी जेबिवोट आपली स्वतःची निरीक्षणं घेऊन आली. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यावरच उभं होतं.

“मास्तर, रेषा आली. शून्य पूर्णांक नऊ नऊ आठ.”

रसायनवाल्यांच्यात हा आकडा म्हणजे जवळजवळ जावई. एक म्हणजे ठिपके अगदी रेषेवर. नऊ नऊच्या पुढे काही असलं की ते चहा मागवतात.

“कशाची रेषा?” मी विचारलं.

“आडव्या अक्षावर वेळ. उभ्या अक्षावर वेळ भागिले कोळशाला चिकटलेलं फ्लोराइड.”

“थांब. वेळ आडवीही आणि उभ्यातही?”

“हो. सगळे असंच काढतात.”

“वेळेचं लग्न वेळेशीच लावलंय तुम्ही. जमणारच!”

ती चिडली. “मास्तर, जगभर असंच काढतात. शेकडो लेख आहेत. तुम्हाला रसायन काय कळतं?”

“काहीच कळत नाही. म्हणून तर दिसलं. विकतच्यात तू बटण दाबायचीस, तो भागाकार आतल्या आत व्हायचा. इथे तुला तो लिहायला लागला. वाच बघू तुझी तिसरी ओळ.”

तिने वाचली. मग तोंडावर हात ठेवून ती ओळ पुन्हा वाचली.

“आता एक कर,” मी म्हणालो. “ते फ्लोराइड काढून टाक. त्या जागी दुसरे कुठलेही आकडे घाल. तुझ्या सासूच्या कोंबड्या घाल.”

“कोंबड्या नको.” ती जरा विचार करून म्हणाली, “विभागातल्या सरांची वयं घालते.”

सिमियूने वयं सांगितली. तो अशा गोष्टी जाणून असतो. बाईंची वयं त्याने आवाज खाली करून सांगितली. तिने ती फ्लोराइडच्या जागी लिहिली, वेळा होत्या तशाच ठेवल्या आणि ओळ चालवली. ठिपके शहाण्या मुलांसारखे रेषेवर जाऊन बसले. शून्य पूर्णांक नऊ नऊ सात.

सिमियू टेबलावर हात आपटून हसला. तीही हसली, हाताआडून. मग एकदम थांबली.

“मास्तर, मग तो अर्धा तास कुठून आला?”

हा प्रश्न मला विचारायचा होता, तिने विचारला याचा मला खरोखर आनंद झाला. आम्ही रेषेचा नाद सोडला. फ्लोराइड चिकटत जातं त्याची जी मूळ वक्र आकृती, तीच थेट मोजलेल्या ठिपक्यांवर बसवली आणि मॅक्सिमाला विचारलं, किती वेळ पुरेल, आणि तुझी खात्री किती? खात्रीचं गणितही तिने स्वतः लिहिलं, दोनदा चुकून. उत्तर आलं ते असं की दहा मिनिटंही पुरतील आणि अर्धा दिवसही लागेल. या आकड्यांवरून याहून जास्त काही सांगता येत नाही.

“खराब झालंय का हे?” सिमियू म्हणाला.

“खराब नाही,” जेबिवोट म्हणाली. “माझं पहिलं मोजमापच एका तासानंतरचं आहे. गिचुही सरांचंही. चाळणं, गाळणं, मग फ्लोराइडच्या मीटरसाठी रांग. तासाच्या आत कुणी कधी काही मोजलेलंच नाही. अर्ध्या तासाचं पाणी कुणी बघितलेलं नाही, मास्तर. ते रेषेनं सांगितलं.”

तिचा चेहरा उतरला होता. तिसरं प्रकरण गेलं, म्हणजे महिन्यावर आलेली परीक्षा गेली आणि एल्डोरेटच्या कॉलेजात ठरल्यासारखी झालेली नोकरीही गेली. मी म्हणालो, “मी बोलतो गिचुहींशी. मला ते शिव्या देतील, माझं काही जात नाही.”

“नको. रविवारी ती तोटी उघडली की सोमवारी आजी पावसाचं पिंप गोठ्यात नेईल. तुम्ही बोललात तर गणितवाला रसायनात नाक खुपसतोय म्हणतील, त्यात आठवडा जाईल. मीच बोलते.”

शुक्रवारी विभागाची बैठक असते. चहा असतो, तळलेल्या गोड मंदाझी असतात, एकजण आपलं काम सांगतो आणि बाकीचे मंदाझी खातात. मीही जाऊन मागे बसलो. जेबिवोटने पडद्यावर शेजारी शेजारी दोन रेषा लावल्या. नाव कशालाच नव्हतं.

“सर,” ती गिचुहींना म्हणाली, “यातली एक हाडांच्या कोळशाची आहे. कुठली?”

गिचुहींनी चष्मा लावला, उठून जवळ गेले. “डावी. उघड आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही ठिपका हललेला नाही. असं हाडच करतं.”

“सर, ती तुमची सगळ्यांची वयं आहेत.”

क्षणभर कुणाला समजलं नाही. तिने ओळी उघडून दाखवल्या, वयं एकाखाली एक. पहिला हसला तो सिमियू, मग सगळी खोली. “म्हणजे मी कोळशाला चिकटलो की काय?” असं एका सरांनी विचारलं आणि दुसऱ्यांनी सांगितलं, “तुम्ही खुर्चीला चिकटलाय, त्याची रेषा काढा.” एका बाईंनी मात्र पडद्यावरचं आपलं वय ओळखलं आणि सिमियूकडे असं पाहिलं की त्याची मंदाझी घशात अडकली.

गिचुही हसले नाहीत. त्यांच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती.

“ओज्वांग, हे तुमच्या फुकटातल्या सॉफ्टवेअरचे उद्योग.”

मी तोंड उघडलं, पण जेबिवोट आधी बोलली. “सर, विकतच्यानेही हीच रेषा काढली असती. आपण इतकी वर्षं काढलीच की. तिथे बटण दाबलं की काम झालं. इथे तो भागाकार मला माझ्या हाताने लिहावा लागला, म्हणून दिसला. यात माझं तिसरं प्रकरणही गेलं, सर. फक्त तुमचं नाही.”

“माझा लेख तीन जणांनी तपासला होता.”

“हो सर. अर्ध्या तासाचं पाणी कुणी मोजलं होतं?”

गिचुहींनी चष्मा काढून हातात घेतला.

“रविवारी तोटी उघडायची आहे,” ती म्हणाली. “त्यानंतर माझी मुलगी ते पाणी पिणार. मोजलेलं असेल तर मला दाखवा. मी इथेच माफी मागते.”

मला वाटलं म्हातारा आता तिला बाहेर काढणार. मी त्याच्या जागी असतो तर कदाचित काढलं असतं. माझा स्वभाव माझ्या बायकोला विचारा. गिचुहींनी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि सिमियूला म्हणाले, “मीटर गाडीत ठेव. पाडू नकोस.”

त्या गाडीत मी पहिल्यांदा बसलो. वास कपड्यांतून दोन धुण्यांत गेला नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावरही गिचुहींनी वेग कमी केला नाही. जेबिवोट मांडीवर मीटर धरून बसली होती, लेकरू धरावं तसं.

शाळेच्या आवारात ते पिंप निळ्या रंगाने रंगवून तयार होतं. त्याला रविवारसाठी फीतही बांधलेली. गिचुहींनी फीत बाजूला सारून विहिरीचं पाणी आत सोडलं आणि घड्याळ बघितलं. आम्ही मुलांच्या बुटक्या बाकावर बसलो, गुडघे छातीशी. तेवढ्यात आजी आली. पाठीवर चेरोप, हातात पिवळा कॅन. मोटार दिसली म्हणजे तोटी आजच उघडली, असा तिचा हिशेब.

“भरू का?” आजीने विचारलं.

“थांबा, आजी,” गिचुही म्हणाले.

“किती थांबू?”

“तेच मोजतोय.”

“इतके शिकलेले लोक, आणि तुम्हाला ठाऊक नाही?”

चेरोप पाठीवरून उतरली आणि सरळ तोटीकडे गेली. चकचकीत होती ना. तिने तोंड लावायला मान वाकडी केली तशी गिचुही त्या वयात उठू नयेत इतक्या चपळाईने उठले आणि तोटीवर त्यांनी हात धरला. पोरीने भोकाड पसरलं. जेबिवोटने तिला उचलून घेतलं आणि बॅगेतल्या बाटलीतलं पावसाचं पाणी पाजलं.

अर्धा तास झाला. सिमियूने तोटीखाली भांडं धरलं, जेबिवोटने मीटर बुडवलं. आकडा डुगडुगत राहिला आणि स्थिरावला. विहिरीच्या पाण्यापेक्षा जवळजवळ निम्मा. पण पिण्याच्या मर्यादेच्या दुपटीहून वर.

जेबिवोटने मीटर धुऊन पुन्हा बुडवलं. तोच आकडा.

गिचुही म्हणाले, “परत अर्ध्या तासाने घे.”

आम्ही घेत राहिलो. आजीने आम्हाला घरून मुर्सिक, म्हणजे भोपळ्यात आंबवलेलं दूध, आणून दिलं, कारण पाहुणे कितीही अडाणी असले तरी उपाशी ठेवत नाहीत. आकडा उतरत होता, पण सावकाश, कंटाळलेल्या गाढवासारखा. उन्हं कलली, शाळेच्या भिंतीची सावली आमच्या बाकावर आली, तेव्हा कुठे तो मर्यादेच्या खाली गेला. कोळसा काम करत होता. हाडांनी फसवलं नव्हतं. त्यांना जो वेळ हवा होता तो कुणी दिला नव्हता.

गिचुहींनी खिशातून पाना काढला, तोटीची मूठ खोलली आणि कोटाच्या खिशात टाकली.

“रविवारचं काय?” सिमियूने विचारलं.

“रविवारी मी बोलेन.”

ते बोलले. सगळ्या चर्चसमोर, गळ्यात हार असताना, उभं राहून त्यांनी सांगितलं की हिशेब चुकला आहे, चूक माझी आहे आणि हे पिंप आणखी मोठं करून तोटी बारीक केल्याशिवाय कुणी यातलं पाणी प्यायचं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण हार घातलेल्या माणसाचं बोलणं संपलं की टाळ्या वाजवायच्या असतात. बकरे कापलेलेच होते, त्यामुळे जेवणंही झाली. आजी तेवढी फणकारली, “एवढं शिकून शेवटी माझं पिंपच!” पण पिंप गोठ्यात गेलं नाही.

मोठं पिंप त्या वर्षीच्या पावसाआधी उभं राहिलं. जेबिवोटने पहिल्या मिनिटापासून मोजलं आणि तिसरं प्रकरण नव्याने लिहिलं. एल्डोरेटची नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याचं तिला वाईट वाटलं, आणि वाटलं नाही असं ती म्हणत नाही. गिचुहींनी आपल्या जुन्या लेखाची दुरुस्ती छापून आणली, खाली तिचं नाव घालून. परवाना नूतन करायला त्यांनी पुढे कधी सांगितलं नाही. बुधवारचा वर्ग अजून माझ्या गळ्यात आहे आणि नव्या पोरांना पहिला धडा वयांचाच असतो.

जेबिवोट आता आमच्याच प्रयोगशाळेत आहे. मागच्या शाळेच्या सुटीत ती चेरोपला घेऊन आली. पोरगी सात वर्षांची झाली होती. समोरचा दुधाचा दात पडला होता, तो रीतीप्रमाणे छपरावर फेकला गेला होता आणि त्या जागी नवा दात पूर्ण उतरला होता. गिचुही निवृत्त झालेत, पण बातमी लागताच हाडांच्या त्याच गाडीतून आले. त्यांनी चेरोपला खिडकीशी नेलं, हनुवटी वर केली आणि चष्मा लावला.

“आ कर.”

तिने आ केला. मीही वाकून बघितलं. दात पांढरा होता. मधोमध खडूने ओढल्यासारखी एक फिकट रेघ होती. नीट उजेडात धरलं तरच दिसावी इतकी.

“ही कसली?” मी विचारलं.

“पिंप आटलं होतं त्या महिन्यांची,” जेबिवोट म्हणाली. तिला ते आधीच कळलं होतं. आई आहे आणि रसायनवालीही.

गिचुहींनी चेरोपची हनुवटी सोडली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला ते चष्मा पुसत बसले. सिमियूने वातावरण हलकं करायला चेरोपला विचारलं, “काय गं, या आजोबांचं वय किती असेल? बरोबर सांगितलंस तर मंदाझी.”

“शंभर!” चेरोप म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. जेबिवोट हसली, आणि नेहमीसारखा तिचा हात तोंडावर गेला. चेरोपही खदखदून हसत होती. हसता हसता तिने आईकडे पाहिलं आणि आपलाही हात उचलून अगदी तसाच तोंडावर ठेवला.

जेबिवोटचं हसू थांबलं. तिने पोरीचं मनगट धरलं आणि हात खाली घेतला.

“तू कशाला झाकतेस?” ती म्हणाली. “तुला झाकायचं काही नाही.”

मग तिने ते मनगट बराच वेळ सोडलं नाही.